जमा केलेले दात

आमच्या ग्रामपंचायतीच्या लोखंडी कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात, एका जिवंत बाईचे दात अडतीस दिवस कुलपात ठेवलेले होते. हे वाक्य मी आजवर अनेक अर्जांत लिहिले आहे. प्रत्येक वेळी ते वाचणाऱ्या अधिकाऱ्याने एकदा अर्जाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहून घेतले आहे आणि मग, हा म्हातारा बसला तर लवकर उठणार नाही हे ओळखून, खुर्ची दाखवलेली नाही. म्हणून आता कोणत्याही कार्यालयास न उद्देशून, जसे घडले तसे लिहितो.

तालुक्याच्या न्यायालयात मी एकतीस वर्षे कारकुनी केली आणि निवृत्तीनंतर पाथरी व सोनपेठ यांच्या मधल्या पट्ट्यातील आमच्या गावी राहायला आलो. गाव मला नाना म्हणते आणि पत्रे लिहिणे हा माझा छंद आहे असे समजते. तो छंद नाही. अन्याय डोळ्यांसमोर घडत असताना स्वस्थपणे चहा पिणे मला जमत नाही, इतकेच. माझा चहा का निवतो हे माझ्या पत्नीला चांगले ठाऊक आहे आणि ती तो पुन्हा गरम करून देत नाही.

ज्या बाईचे दात, तिला सारे गाव आक्का म्हणते. आमच्याच गल्लीत, दोन घरे सोडून ती एकटी राहते. तरुणपणी नवऱ्याबरोबर दर वर्षी ऊसतोडीला जात असे. नवरा गेल्यावर गावातच राहून तिने बाळंतपणे केली, लेकरांची पोटे चोळली, रानातला पाला वाटून दिला आणि समोरच्याला जे ऐकायचे नसेल नेमके तेच त्याला ऐकवले. एकटी बाई, औषधाची माहिती आणि तिखट जीभ. या तीन गोष्टी एकत्र आल्या की आमच्याकडे लोक चौथी गोष्ट मनातच जुळवून टाकतात. ती म्हणजे भानामती.

भानामतीचे शास्त्र मराठवाड्याबाहेरच्या वाचकास थोडक्यात सांगणे भाग आहे. वाळत घातलेले धोतर आपोआप पेटते, पत्र्यावर खडे पडतात, बंद पेटीतल्या लुगड्याला भोके पडतात. हे कोणीतरी मंत्राने करते. कोणी केल्याशिवाय काही होत नाही, हा या शास्त्राचा पहिला सिद्धान्त. दुसरा सिद्धान्त असा की मंत्र दातांवर उमटतो. दात नसले की तोंडातून नुसती हवा निघते, मंत्र निघत नाही. यामुळे निजामाच्या राज्यात, आमच्या वडिलांच्या डोळ्यांदेखत, संशयित माणसाला धरून त्याचे पुढचे दात दगडाने पाडीत असत. लहानपणी मारुतीच्या पारावर बसणारा असा एक म्हातारा मी स्वतः पाहिला आहे. पुढच्या दातांच्या जागी त्याला काळी खिडकी होती. मी वडिलांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "त्याचा मंत्र काढून घेतला." त्यानंतर तो गावातला सर्वांत भरवशाचा माणूस ठरला होता. बाया शेतात जाताना तान्ही मुले त्याच्यापाशी ठेवून जात. गावाच्या मनात त्याच्याविषयी कसलाही राग नव्हता. गुन्हा सिद्ध न करता शिक्षा द्यावी आणि शिक्षेवरून निर्दोषत्व सिद्ध करावे, असा हा न्याय.

आक्काच्या बाबतीत गावाला दगड उचलावा लागला नाही. मिसरीने ते काम केले. साठी उलटेपर्यंत तिचे सगळे दात गेले आणि ज्या वर्षी शेवटची दाढ पडली त्या वर्षापासून तिला बारशांची बोलावणी येऊ लागली. जीभ पूर्वीइतकीच तिखट होती, पण आता लोक तिच्यावर हसत. दहा वर्षे ती अशी निर्धोक म्हणून जगली. या काळात तिने काय खाल्ले हे मात्र कोणी विचारले नाही. भाकरी आमटीत कुस्करून, ती भिजेपर्यंत वाट पाहून, ती गिळत असे.

पुढे तालुक्याला मोफत दंतशिबिर आले. लाभार्थ्याचा अर्ज मीच भरला, आधारकार्डाची प्रत मीच जोडली आणि 'दात नसल्याचा पुरावा' या रकान्यात 'प्रत्यक्ष पाहावे' असे मीच लिहिले. म्हणजे पुढील सर्व अनर्थाचे मूळ कागदपत्र माझ्या हस्ताक्षरात आहे, हे मी नाकारत नाही.

वरची आणि खालची अशी पूर्ण कवळी घेऊन आक्का आली ती थेट आमच्या ओट्यावर. पत्नीने तिला ज्वारीची तव्यावर कडक केलेली भाकरी दिली. आक्काने ती तोडून न घेता तशीच तोंडाला लावली.

"ऐका, भाऊ," ती म्हणाली. "आवाज ऐका."

भाकरीचा आवाज आला. तिने दुसरा घास घेतला आणि पुन्हा ऐकवला. मग भाजलेल्या शेंगा मागितल्या. त्या संध्याकाळी तिने आमच्या घरातील कडक असे सर्व काही चावून पाहिले आणि जाताना बडीशेप पदरात बांधून घेतली.

पंधरा दिवसांत गल्लीतल्या ट्रॅक्टरवाल्याच्या बोअरची मोटर जळाली. त्याने ती भरून आणली, पुन्हा जळाली. त्याच आठवड्यात त्याच्या बायकोने पेटी उघडली तर लग्नातल्या लुगड्याला भोके, आणि भोके अर्धगोलात. मोटर विजेच्या कमी दाबाने जळते हे वायरमनने सांगितले. लुगड्याला कसर लागली आहे हे माझ्या पत्नीने सांगितले आणि डांबरगोळ्याही नेऊन दिल्या. ट्रॅक्टरवाल्याने डांबरगोळ्या ठेवून घेतल्या आणि झरी गावाहून भानामती ओळखणारा एक जाणता बोलावून आणला. जाणत्याने लुगडे उजेडात धरले, भोके बोटाने मोजली आणि विचारले, "गावात कुनाचं तोंड नवं हाय?"

येथे माझ्या दुसऱ्या अपराधाची नोंद करणे आवश्यक आहे. जादूटोणाविरोधी कायदा आल्यानंतर त्याची माहिती देणारा फलक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा म्हणून मी दोन वर्षे पत्रव्यवहार केला होता. फलक लागला. गावाने तो वाचला. त्याचा परिणाम मला अपेक्षित होता तसा झाला नाही. गाव कायदा नव्हे, कायद्यातली पळवाट शिकले.

गांधी जयंतीची ग्रामसभा भरली. सरपंचबाई अध्यक्षस्थानी होत्या, त्यांचे यजमान शेजारच्या खुर्चीत बसून सभा चालवीत होते आणि ग्रामसेवक इतिवृत्त लिहीत होते. विषय क्रमांक सात, 'अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय', येताच ट्रॅक्टरवाला उभा राहिला.

"आमी आक्काला काईच म्हनत न्हाई," तो म्हणाला. "कुनाला चेटकीन म्हनलं तर सात वरसं आत. भिंतीवर लिवलेलं हाय, नानांनीच लावलेलं हाय. आमी कायदा पाळनारे लोक. आमचं म्हननं फकस्त दाताबद्दल हाय."

"दात कोणाच्या तोंडात आहेत?" मी विचारले.

"आक्काच्या."

"मग आरोप आक्कावर झाला."

"न्हाई. आक्का धा वरसं गावात हायच की. तव्हा मोटर जळाली का? आक्का बिनदोष हाय. दात नवे हायेत, बाहेरगावचे हायेत, कुठून आले, कुनी बनविले, काय म्हाईत? गावात नवा मानूस आला तर आपन आधारकार्ड बगतो का न्हाई?"

सभेतील लोकांनी माना हलवल्या. मी कायद्याचा उद्देश सांगितला, अनुसूची सांगितली, घटनेने दिलेला जगण्याचा अधिकार सांगितला आणि त्यात चावणे अंतर्भूत आहे असे प्रतिपादन केले. शेवटी मी म्हणालो की माझेही दात कृत्रिम आहेत, तेव्हा माझ्याविरुद्धही हाच ठराव आणावा.

सरपंचबाईंचे यजमान समजुतीने म्हणाले, "नाना, तुमचे दात ठेवा तोंडात. तुमाला कोन काय म्हनायलंय? तुमी बाप्या मानूस."

या वाक्यातील सर्व अर्थ एका क्षणात माझ्या डोक्यात गेला आणि रागाच्या भरात मी माझी कवळी काढून इतिवृत्ताच्या वहीवर ठेवली. समानतेच्या तत्त्वावर मी त्यानंतर काही मिनिटे बोललो. ते भाषण माझ्या आयुष्यातील सर्वोत्तम होते असे मला आजही वाटते, परंतु त्यातील एक शब्दही कोणाला कळला नाही. प्रथम मागची पोरे हसली, मग बाया, मग ग्रामसेवक. आक्कासुद्धा पदर तोंडाला लावून हसत होती.

"बगा," ट्रॅक्टरवाला सभेला म्हणाला, "आता नानांचं एक तरी कलम लागू व्हायलंय का? दात न्हाईत तर काईच न्हाई. हेच तर आमी म्हनायलोत."

मी दात पुन्हा घातले तोवर ठराव झाला होता. कवळी पुढील ग्रामसभेपर्यंत ग्रामपंचायतीत जमा ठेवावी. बाईला हात लावू नये. बाईशी पूर्ववत वागावे. कवळी जमा न झाल्यास मात्र गल्लीतल्या लोकांनी काय करायचे ते त्यांच्या मर्जीवर. या शेवटच्या वाक्याचा अर्थ आक्काला मला सांगावा लागला नाही. नळावर बाजूला उभे राहणे, दुकानातून रिकाम्या हाताने परत येणे, समोरचे दार आपल्याला पाहून लावले जाणे, हे तिने तरुणपणी पाहिले होते.

ती उठली, वरचे व खालचे दात काढून टेबलावर ठेवले आणि बोळक्या तोंडाने म्हणाली, "माज्या तोंडात काय हाय ते बगाया एवढं गाव कदी जमलं न्हवतं. घ्या. पर धुऊन ठेवा, बडीशेप आडकलीय."

येथे मी माझी तिसरी आणि सर्वांत मोठी चूक केली. एकतीस वर्षांची सवय. कोणतीही वस्तू पावतीशिवाय हातची जाऊ द्यायची नाही. मी टेबलावर मूठ आपटून पावती मागितली. ग्रामसेवक म्हणाले, "पावती कशाला, नाना? दोन दिवसांनी लोक विसरतील, मी गुपचूप देऊन टाकतो." मी ऐकले नाही. मी मजकूर सांगितला आणि त्यांनी तो लिहिला. 'वरची कवळी एक नग, खालची कवळी एक नग, रंग गुलाबी, वापरलेली, सुस्थितीत, ठराव क्रमांक अमुकनुसार जमा.' शिक्का मारला, सही झाली. त्या क्षणी गुपचूप देऊन टाकण्याची वाट बंद झाली. जे रीतसर जमा झाले ते रीतसर ठरावानेच परत जाणार, आणि पुढची ग्रामसभा सव्वीस जानेवारीला. गावाने दात नुसते काढून घेतले होते. त्याची जप्ती मी करून दिली.

दुसऱ्या दिवसापासून आक्का पुन्हा भाकरी भिजवू लागली. फरक इतकाच होता की आता तिला भिजलेली भाकरी जाईना. दहा वर्षे सवयीने गिळत होती, तीच एका महिन्यात नकोशी झाली होती. पत्नी रोज डबा नेई आणि निम्मा परत आणी. आक्काची गालफडे आत गेली. "चव न्हाई, भाऊ," ती म्हणे. "आवाजच न्हाई तर चव कुठून यील?"

मी पत्रे लिहिली. गटविकास अधिकाऱ्यांनी कळवले की सदर दात कोणत्या योजनेतून प्राप्त झाले याचा उल्लेख अर्जात नाही. उल्लेख केला. तहसील कार्यालयाने माझे पत्र 'उचित कार्यवाहीस्तव' ग्रामसेवकांकडे पाठवले, ग्रामसेवकांनी ते नस्तीला लावले आणि नस्ती त्याच कपाटात, दातांशेजारी ठेवली. शिबिर भरवणाऱ्यांना लिहिले, तर त्यांचे उत्तर आले की लाभार्थी साधनाचा नियमित वापर करीत नसल्यास ते परत घेऊन गरजू व्यक्तीस देण्यात येईल. या पत्राला मी जे उत्तर लिहिले ते पत्नीने टपालपेटीत टाकू दिले नाही.

दरम्यान पत्नीने आठवण करून दिली की कवळी पाण्यात ठेवावी लागते, कोरडी राहिली तर वाकते. मी लेखी मागणी केली. ग्रामसेवक घरी आले, ओट्यावर बसले आणि आवाज उतरवून म्हणाले, "नाना, मी ठेवलं असतं हो पाणी. पण लोक म्हणायलेत, पाणी घातलं की ते जित्ते होतील."

"तुमचे शिक्षण काय झाले?"

"बी.एस्सी. ॲग्री."

"मग?"

"मग काय? मला याच गावात नोकरी करायचीय."

दात कपाटात कोरडे पडले असतानाच ट्रॅक्टरवाल्याची मोटर तिसऱ्यांदा जळाली. मला वाटले, झाले. आरोपी कैदेत असताना गुन्हा घडला, तेव्हा आरोपी निर्दोष. कोणत्याही न्यायालयात दुसरा निष्कर्ष निघत नाही. मी घाईने पारावर गेलो आणि हे सर्वांना समजावून सांगितले. सर्वांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

"म्हंजी आता ते कपाटातूनच करायलेत," एक जण म्हणाला.

"बंद केल्यानं चिडले असतील," दुसरा म्हणाला.

त्या दिवसापासून कपाटाला कोणी हात लावेना. ग्रामसेवक शिपायाला सांगत, शिपाई पाठदुखी सांगे. पण त्याच कपाटात, त्याच दुसऱ्या कप्प्यात, ग्रामपंचायतीचा शिक्का होता. शिक्का नाही म्हणजे रहिवासी दाखला नाही, नमुना आठचा उतारा नाही, जन्माची नोंद नाही. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या होत्या आणि मुलांना वसतिगृहात ठेवायला दाखले हवे होते. एकाच्या मुलीचे लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलेले आणि वयाचा दाखला अडलेला. लोक रोज येत, कपाटाकडे लांबून पाहत आणि परत जात. एका बाईचे तोंड बंद करायला निघालेल्या गावाचे सगळे व्यवहार बंद पडले. मी पत्रात नेमके हेच लिहिले होते, परंतु ते पत्रही त्या कपाटात होते.

अडतिसाव्या दिवशी सरपंचबाई स्वतः आक्काच्या दारात आल्या. यजमान बरोबर नव्हते. मी ओट्यावरून ऐकत होतो.

"आक्का, चला की जरा पंचायतीत."

"काहून?"

"कपाट उघडायचं हाय. दात तुमचे हायेत, तुमाला काई करनार न्हाईत."

"मला भ्या वाटतंय," आक्का म्हणाली, आणि तिच्या आवाजात भीतीचा लवलेशही नव्हता. "म्हातारी हाय मी. लय चिडलेत म्हनं ते."

सरपंचबाईंनी तिला तीनदा विनवले. मग आक्का उठली. तिच्यामागे आम्ही निघालो, आमच्यामागे गल्ली, गल्लीमागे ज्यांचे दाखले अडले होते ते सगळे. ग्रामसेवकांनी किल्ली तिच्यासमोर टेबलावर ठेवली आणि ते दाराशी जाऊन उभे राहिले. आक्काने कपाट उघडले, प्लास्टिकच्या पिशवीतून कवळी काढली, माठातले पाणी घेऊन दाराबाहेर खळखळून धुतली आणि तोंडात बसवली. खालच्या बाजूला जरा थांबली, जबडा इकडेतिकडे केला. मग तिने शिक्का उचलला आणि विचारले, "ह्यो कुनाला पायजे?"

त्या दुपारी दाखले निघाले. ग्रामसेवक लिहीत होते आणि शिक्का आक्का मारीत होती, कारण कप्प्यातून निघालेल्या त्या शिक्क्याला पहिल्या दिवशी तरी तिनेच हात लावावा असे सर्वांचे मत पडले. ज्यांनी हात वर करून तिचे दात जमा केले होते ते रांगेत उभे राहून तिच्या हातून दाखला घेत होते आणि म्हणत होते, "आक्का, जरा ठळक मारा."

मला वाटले प्रकरण संपले. संध्याकाळी कळले की ठरावाची वाट न पाहता दात सोडल्याबद्दल पंचायतीने तिच्याकडून दुपारीच हमीपत्र घेतले आहे. 'मी कवळी केवळ खाण्यासाठी वापरीन. गावात बोलताना ती काढून हातात ठेवीन.' खाली तिचा अंगठा. मला विचारले नव्हते.

"तू अंगठा दिलाच कसा?" मी ओरडलो.

"खायाला मिळतंय ना? बोलनं काय, बिनदाताचं बी बोलता येतं. तुमालाच येत न्हाई."

मी ते सोडून द्यावे असे पत्नीचे मत होते. परंतु हे हमीपत्र म्हणजे चेटकीण ठरवल्याचा लेखी पुरावा होता. जे ठरावात त्यांनी हुशारीने टाळले होते ते येथे कागदावर आले होते. दोन दिवसांनी मी आक्काला एसटीत बसवून तालुक्याच्या ठाण्यात घेऊन गेलो. माझी तक्रार सात पानी होती.

आयुष्यात प्रथमच एका पोलीस अधिकाऱ्याने माझे लिखाण शेवटपर्यंत वाचले. फौजदार तरुण होते. ते म्हणाले, "काका, केस पक्की आहे. कलम लागतं, दखलपात्र आहे, मी आजच गुन्हा दाखल करतो." इतक्या वर्षांच्या पत्रव्यवहारानंतर हे वाक्य ऐकायला मिळाले होते. त्यांनी शिपायाला हाक मारली, पंच बोलवायला सांगितले आणि आक्काकडे वळून म्हणाले, "आजी, दात काढून द्या."

"काहून?"

"मुद्देमाल आहे. पंचनामा करून सील करावा लागेल. केसचा निकाल लागला की परत मिळतील."

आक्का माझ्याकडे पाहू लागली. "किती दिस, भाऊ?"

शेवटची नऊ वर्षे न्यायालयातील मुद्देमालाची खोली माझ्या ताब्यात होती. तिथे चिठ्ठी बांधलेल्या कुऱ्हाडी होत्या, कंदील होते, एक सायकल होती जिचा फिर्यादी मालक निकालापूर्वी वारला. एका बैलाच्या गळ्यातली घागरमाळ मी मूळ मालकाच्या नातवाला सही घेऊन परत दिली होती, तेव्हा त्या घरात बैल उरला नव्हता. हे सर्व नियमाप्रमाणे झाले होते. त्यातील एकाही वस्तूच्या बाबतीत माझ्याकडून कसूर झालेली नाही.

"किती दिस?" तिने पुन्हा विचारले.

"सांगता येत नाही," मी म्हणालो. "बरेच."

ती माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी आहे. तिने हिशेब केला असावा. पदरातून शेंगा काढल्या, एक फोडली, दाणे तोंडात टाकले आणि फौजदारांसमोर सावकाश चावले. मग म्हणाली, "सायेब, माजी काई तक्रार न्हाई. गावात समदे चांगले हायेत."

"तुमच्यावर दबाव आहे का?"

"हाय की. ह्या भावाचा."

फौजदार हसले आणि म्हणाले की तसे लिहून द्यावे लागेल. आक्काला लिहिता येत नाही. म्हणून ते मला लिहावे लागले. 'माझी कोणाविरुद्धही काहीही तक्रार नाही' हे वाक्य मी तिच्या वतीने, माझ्या हाताने लिहिले. दखलपात्र गुन्ह्यात असल्या अर्जाने कारवाई थांबत नाही, हे मी लिहिता लिहिता फौजदारांना सांगितले. ते म्हणाले, "माहीत आहे, काका. अंगठा कुठे घेऊ?" माझी सात पाने त्यांनी सन्मानाने दुहेरी घडी घालून मला परत दिली.

म्हणजे निकाल असा झाला. ज्यांनी तिला चेटकीण ठरवले ते मोकळे फिरत आहेत, त्यांच्यापैकी एकाने वायरमनच्या सांगण्यावरून शेवटी मोटरला स्टॅबिलायझर बसवला आणि मोटर जळायची थांबली, याचे श्रेय हमीपत्राला दिले जाते. मला याचा संताप येतो. तो कमी झालेला नाही आणि व्हावा अशी माझी इच्छाही नाही. परंतु ज्या कायद्यासाठी मी आयुष्य घालवले त्याने त्या सकाळी तिच्याकडे तेच मागितले जे गावाने मागितले होते, आणि तेही जास्त मुदतीसाठी. याचे उत्तर मला अद्याप सापडलेले नाही. दात मागण्यात फौजदारांची चूक नव्हती.

आक्का हमीपत्र पाळते. रस्त्यात कोणी हाक मारली की पाठ फिरवून दात काढते, मुठीत धरते, मग बोलते. पोरांना याची इतकी गंमत वाटते की ती उगाच तिला बोलावतात. आमच्या ओट्यावर मात्र मी तिला बजावले की या जागेवर ते हमीपत्र रद्दबातल आहे. ती हो म्हणते आणि तरीही काढते.

परवा आली ती दात हातातच घेऊन. मी हमीपत्राच्या वैधतेबाबत जिल्हाधिकाऱ्यांना लिहीत होतो.

"ते ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "दुसरं लिवा. शिबिरवाल्याला."

"काय लिहू?"

"खालची टोचायली डावीकडून. कोरडी पडून वाकलीय. जरा घासून द्या म्हनावं. कलम बिलम काई घालू नका, न्हाईतर परत न्यायला यतील."

मी नवा कागद घेतला. 'महोदय' लिहून थांबलो. तिने बोटाने हिरडीवरची लाल जागा दाखवली, नीट दिसावी म्हणून उजेडाकडे तोंड केले आणि ती किती मोठी आहे ते पाहून मी लिहू लागलो.

"शेंगा चावता यतात, हे बी लिवा," ती म्हणाली. "पर एकाच अंगानं."